दादाच्या डोळ्याला लावलेलं चाक

मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक दादाचा निकॉन डी ९०, दुसरा त्याच्या मुलीचा सोनी आरएक्स १००. मोबाइलवर फोटो काढायला लागल्यापासून बापलेकींनी दोन्ही कपाटात टाकून दिले होते. आवराआवर करताना दादाचा फोन आला, "तुला हवा तो एक ठेव, दुसरा मी देऊन टाकतो." मागून पुतणीचा आवाज, "आत्या, माझावाला घे, तुझ्या पर्समध्ये मावेल."

मी एक महिना मागून घेतला. घाईने ठरवायची ही गोष्ट नव्हती. घरातले निम्मे फोटो मी काढते आणि पुढची दहा वर्षं हाच कॅमेरा हातात असणार हे मला माहीत होतं.

आधी वजन. डी ९० बॅटरीसकट ७०० ग्रॅम, त्यावर दादाची १८-१०५ ची झूम लेन्स ४२० ग्रॅम. गळ्यात एक किलोहून जास्तीचा ऐवज. आरएक्स बॅटरी आणि कार्ड धरून २४० ग्रॅम. पहिल्याच दिवशी मान दुखली तेव्हा निकाल लागल्यासारखाच होता.

मग मी कागद घेऊन बसले. मला आकडेमोड आवडते आणि इथे तिने मला खरंच काहीतरी शिकवलं. डी ९० चा सेन्सर, म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप, २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, आरएक्सचा १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या ३.२ पट. जुन्या डीएसएलआरच्या (डी ९० सारख्या, आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या) बाजूने बोलणारे सगळे इथेच थांबतात: सेन्सर मोठा, विषय संपला. पण मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करणार तो लेन्सने आत सोडला तर. दादाची झूम लेन्स १८ मिलिमीटरवर जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). जवळपास तेवढ्याच रुंद दृश्याला आरएक्सची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. दोन आकड्यांचा भागाकार करून वर्ग केला की ३.८ येतात, म्हणजे आरएक्सच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जवळजवळ चौपट प्रकाश पडतो. सेन्सरमध्ये गमावलेलं सगळं आरएक्सने लेन्समध्ये भरून काढलं, वर थोडं शिल्लकही राहिलं. त्यातून आरएक्स चार वर्षांनी नवा. डी ९० २००८ चा, आरएक्स २०१२ चा, आणि त्या काळात सेन्सर झपाट्याने सुधारत होते. संध्याकाळी दिवे लावल्यावर बैठकीच्या खोलीत दोघांनी फोटो काढून पाहिले. आरएक्सचे अधिक स्वच्छ आले. झूम पूर्ण लांबवली की आरएक्सचा एफ ४.९ विरुद्ध डी ९० चा ५.६ असा सामना होतो आणि तिथे डी ९० पुन्हा पुढे जातो. पण घरातल्या घरात इतकं लांबचं कोण काढतं?

म्हणून कुणी विचारलं तर मी आता स्पष्ट सांगते: जुना डीएसएलआर त्याच्यासोबत आलेल्या झूम लेन्सवरच वापरायचा असेल, तर आरएक्ससारखा एक इंच म्हणवणाऱ्या सेन्सरचा चांगला कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा कॅमेरा, घ्या आणि मान वाचवा. (त्या सेन्सरची एकही बाजू प्रत्यक्षात एक इंच नसते. जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या मापावरून चालत आलेलं ते नाव आहे.) आणि साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचाच असतो, डी ९० च्या तेराव्या हिश्शाएवढा. तो या तुलनेत बसतच नाही.

पण दादाच्या बॅगेच्या तळाशी आणखी एक लेन्स होती. ३५ मिलिमीटर, एफ १.८, वजन २०० ग्रॅम. झूम नाही, पुढेमागे व्हायचं तर पायांनी. ती चढवल्यावर कागदावरचा हिशेब उलटा झाला. आता सेन्सरही मोठा आणि ॲपर्चरही, म्हणजे लेन्सचं तोंडही, मोठं. आरएक्सवर तेवढंच दृश्य हवं तर थोडं झूम करावं लागतं आणि झूम केलं की त्याच्या लेन्सचं ॲपर्चर आवळत जातं. कॅमेराही तीनएकशे ग्रॅमनी नाही, पण दोनशे वीसने तरी हलका झाला. लोक जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेताना मेगापिक्सेल विचारतात; मी म्हणेन, बॉडीइतकंच लक्ष त्या एका लेन्सवर द्या. डी ९० सारख्या बॉडीत फोकसची मोटर आतच आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या ऑटोफोकस लेन्सही तिच्यावर फोकस करतात. निकॉनच्याच डी ४०, डी ६० मध्ये ती मोटर नाही. तिथे अशी लेन्स बसेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल.

माझी मुलगी बॅडमिंटन खेळते. हॉलमधला उजेड बेताचा, आणि ती एका जागी दोन सेकंद उभी राहत नाही. पहिल्या शनिवारी आरएक्स नेला. तो फोकस शोधतो तेव्हा लेन्स थोडी पुढे नेतो, थोडी मागे आणतो आणि चित्र कुठे सर्वांत ठसठशीत दिसतं ते पाहून थांबतो. चाचपडतच म्हणा ना. उभ्या माणसाला हे पुरतं. रॅकेट वर जाऊन खाली आलेली असते तेव्हा पुरत नाही. पुढच्या शनिवारी डी ९०, ३५ ची लेन्स, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, शटर १/५०० सेकंद. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा प्रकाश खालच्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. तिथे दोन बाजूंनी आलेली प्रतिमा जुळवून पाहिली जाते आणि फोकस कोणत्या दिशेला, किती चुकलाय हे एकदम कळतं. लेन्स थेट तिथे जाते. जुनं तंत्र, अकराच फोकस पॉइंट, पण मधला पॉइंट तिच्या चेहऱ्यावर धरला की पकडतो. त्या दिवशीचा एक फोटो आहे, शटल तारांना टेकलेलं आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले. तिला तो फारसा आवडला नाही. मला फार आवडतो.

एवढ्यावरही मी आरएक्सच ठेवला असता. बॅडमिंटन आठवड्यातून एकदा, बाकी सहा दिवस खिशातला कॅमेरा बरा. ठरलं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कोणत्याही तुलनेत मी वाचलेलं नव्हतं.

माझं वय ४८. चाळिशी लागून सहा वर्षं झाली, जवळचा नंबर पावणेदोन, लांबचं अजून लख्ख दिसतं. आरएक्सला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. त्या मालिकेत तो २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलपासून आला. म्हणजे फोटो काढायचा तो मागच्या तीन इंची पडद्यात बघून, हातभर अंतरावर धरून. चष्मा न लावता मला मुलगी दिसते, पडदा धुरकट. चष्मा लावला की पडदा स्पष्ट, मुलगी धुरकट. मी सारखी एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे, चष्मा वर, चष्मा खाली. दूर-जवळ दोन्ही नंबरांचा चष्मा आहे माझ्याकडे, पण त्याच्या खालच्या पट्टीतून पडदा बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि हनुवटी वर करून कॅमेरा स्थिर राहत नाही. निम्मे फोटो हललेले आले ते त्यामुळेच. उन्हात तर पडद्यावर अंदाजच.

मग डी ९० डोळ्याला लावला, आणि त्यातही धुरकट! लेन्स गेली असं वाटून मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, चाक फिरव की." व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक बारकं चाक असतं, डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याचा नंबर जुळवायचं. ते दादाच्या डोळ्याला लावलेलं होतं. दादाला लांबचं दिसत नाही, तो चष्मा काढून फोटो काढायचा आणि चाक उणे बाजूच्या टोकाला नेऊन ठेवायचा. इतकी वर्षं ते तिथेच होतं. मी ते हळूहळू उलट फिरवलं आणि एका जागी सगळं लखलखीत झालं. (फिरवताना समोरचं दृश्य बघू नका, काचेवरच्या फोकसच्या खुणा आणि खालचे आकडे बघा. ते ठसठशीत दिसले की तुमचा नंबर जुळला.) डी ९० मध्ये ही सोय उणे २ पासून अधिक १ पर्यंत आहे. शिवाय व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्याला काही इंचांवरचं वाटत नाही, सुमारे एक मीटर अंतरावरचं वाटतं. चाळिशीच्या डोळ्याला एक मीटर झेपतं.

चष्मा नाही, पडदा नाही, समोर माझी मुलगी. आणि कॅमेरा कपाळाला टेकलेला, कोपरं बरगड्यांना, त्यामुळे हातही हलत नाही. फक्त एक गंमत आहे, आरसा वर उचलला जातो तेवढा वेळ व्ह्यूफाइंडर काळा होतो, म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला नेमका तोच आपल्याला दिसलेला नसतो. संध्याकाळी संगणकावर तो पहिल्यांदा भेटतो. मागच्या पडद्यावर लगेच तपासायचं तर पुन्हा चष्मा शोधावा लागतो, म्हणून ते मी सोडूनच दिलं.

काय सुटलं तेही सांगते, कारण ते थोडंथोडकं नाही.

आई. वय ७८, दुपारी खिडकीशी बसून क्रोशाचं विणते. आरएक्सचं शटर लेन्समध्येच असतं, पात्यांचं, त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. तो मांडीवर धरून, पडद्याकडे वरून बघत मी आईचे जे फोटो काढले त्यात तिची बोटं चालू आहेत, ओठांवर टाके मोजणं चालू आहे. डी ९० उचलला की आई सुई खाली ठेवते, पदर सारखा करते आणि सरळ बसून कॅमेऱ्याकडे बघते. आरसा खटकन वाजतो तेव्हा दचकते. मी महिनाभर प्रयत्न केला. आता थोडी सवय झाली आहे तिला, पण बोटं चालू असतानाचा फोटो अजून आलेला नाही.

व्हिडिओचंही तसंच. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर म्हणून डी ९० गाजला, पण रेकॉर्डिंग चालू असताना तो स्वतः फोकस बदलत नाही आणि ७२० च्या दर्जात एका वेळी पाचच मिनिटं घेतो. आरएक्स १०८० मध्ये आणि फोकस सांभाळत घेतो. व्हिडिओ ज्यांना महत्त्वाचा त्यांनी जुन्या डीएसएलआरच्या नादी लागू नये.

जुनी बॉडी घेताना मी काय पाहिलं? घरचाच कॅमेरा, तरी पाहिलं. निकॉनच्या फोटोच्या आतल्या माहितीत शटर किती वेळा उघडलं त्याची मोजणी असते. दादाची २३ हजारांच्या पुढे होती, आणि डी ९० चं शटर एक लाख वेळा उघडून तपासलेलं आहे. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून बुरशी बघितली. एफ १६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघितले, तीन निघाले, हवेच्या फुग्याने दोन उडाले. हे डीएसएलआरचं मोठं सुख आहे. माझ्या एका जुन्या कॉम्पॅक्टमध्ये बाहेर येणाऱ्या लेन्सबरोबर धूळ आत शिरली होती, आणि तो डाग शेवटपर्यंत प्रत्येक फोटोच्या आकाशात राहिला. बॅटरी मात्र नवी घ्यावी लागली. जुनी फुगली होती, बाहेर काढताना नखं दुखली. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच वापरते, त्या काळच्या कॅमेऱ्यांना त्यापुढची चालतीलच असं नाही.

महिना संपल्यावर आरएक्स परत द्यायला गेले. सोबत आईच्या फोटोंचं कार्डही दिलं, प्रती ठेवून. पुतणीने ते लगेच लावून पाहिले आणि म्हणाली, आत्या, हा मी कुणाला देत नाही, आजीकडे येताना घेऊन येईन. तेवढ्यात दादाने माझ्या गळ्यातला डी ९० सवयीने उचलला, चष्मा कपाळावर ढकलला, कॅमेरा डोळ्याला लावला.

"काही दिसत नाही गं."

त्याचा अंगठा चाकाकडे गेला. मग थांबला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेऊन तो काचेला टेकला आणि त्याने माझा एक फोटो काढला.