कव्हर आहे, म्हणून साठ

रद्दी घालायला गेले होते. अकरा किलो भरली. दुकानातला मुलगा पैसे मोजत होता, तेवढ्यात तराजूशेजारच्या ढिगात ती कादंबरी दिसली. आठवीच्या सुट्टीत जिच्यापायी मी दोनदा दूध उतू घालवलं होतं, तीच. नाव ओळखीचं, चेहरा मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तक आलं, की आधी बाइंडरकडे जायचं. तो मूळचं कव्हर काढून टाकायचा आणि काळ्या नाहीतर मरून रेक्झिनचा पुठ्ठा चढवायचा. कण्यावर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. आत विनोद असो की खून, बाहेरून सगळं सारखंच. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद असायचं. मला नव्या बांधणीचा वास फार आवडायचा आणि पुस्तक नाकाशी नेलं की आई ओरडायची, "विष आहे गं ते!"

घरीही तीच तऱ्हा. जून उजाडला की बाबा खाकी कागदाचं भेंडोळं घेऊन बसायचे. इतिहासाच्या पुस्तकावर कुठलं चित्र होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. वर्ष संपलं की पुस्तक त्याच कागदासकट मामेभावाकडे जायचं.

दलाल आणि मुळगावकर या चित्रकारांची नावं मला दिवाळी अंकांमुळे ठाऊक. दोघंही मूळचे गोव्याचे. दलाल तर १९७१ सालीच गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. त्यांची पुस्तकांवरची चित्रं मी पाहिली ती फार उशिरा, आणि तेव्हा त्या बाइंडरचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

हे चित्र त्यांच्यापैकी कोणाचं नव्हतं. कोपऱ्यातली सही लागत नव्हती. दारात उभी असलेली बाई. शीर्षक हाताने काढलेलं, आणि त्याची शिरोरेखा थेट तिच्या डोक्यावरची चौकट झालेली. अक्षरांखालीच ती उभी. तीनच रंग. तेव्हा रंगागणिक ब्लॉक वेगळा आणि त्याचा खर्चही वेगळा. म्हणून चित्रकाराने साडीला रंगच दिलेला नाही. कोरा कागद तसाच सोडलाय, आणि काठाच्या दोन लाल रेघांनी त्याची साडी झालीय. छापताना लाल रंग सुतभर सरकलेला, त्यामुळे कुंकू भुवईकडे कललंय. हल्ली नव्या आवृत्त्यांवर गुळगुळीत फोटोतल्या बाया असतात, त्यांचं कुंकू कधी कलत नाही. असो.

"हे किती?"

"साठ द्या, ताई."

"रद्दीतलं ना रे?"

"कव्हर आहे त्याला. नसतं तर वीस."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दिले.

बसमध्ये मात्र चिडचिड सुरू झाली. माझी नायिका काटकुळी, सावळी, आमच्या वाड्यातल्या काकूंसारखी. ही गोरी, भरल्या अंगाची. आणि नाकात चांगली टपोरी नथ! अहो, तिसऱ्या प्रकरणातच तिची नथ गहाण पडते. पुढचं सगळं रामायण त्या नथीपायीच. चित्रकाराने पुस्तक वाचलंच नसणार. प्रकाशकाने चहा पिता पिता गोष्ट सांगितली असेल, याने आपली ठेवणीतली बाई काढून दिली.

रात्री सहज उघडलं आणि दीड वाजेपर्यंत वाचत बसले. नथ कुठे सुटते तेवढंच बघायचं होतं. सावकार मरतो, मुलगा मुंबईला जातो, घरावर पत्रे चढतात. नथ काही सुटत नाही. शेवटच्या पानावर ती दारात येऊन उभी राहते, तेव्हाही नाक मोकळंच.

पुस्तक मिटून मी पुन्हा कव्हर पाहिलं. तेच दार, आणि त्यात ती, नथ घालून.