वर्गणी जमली, पण किसुमूला जाईना

परदेशातल्या एखाद्या पोरांच्या संघासाठी घरबसल्या पैसे उभे करायचं मनात असेल, तर पोस्टर नंतर करा. आधी बँकेचा परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म मागवा आणि त्याच्या शेवटी बारीक अक्षरात जे घोषणापत्र असतं ते नीट वाचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेवढं चालवून घ्या.

संघ फुटबॉलचा, केनियातला. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरात न्यालेंडा नावाची दाट वस्ती आहे, तिथल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. १९०१ साली इंग्रजांची रेल्वे मोंबासाहून निघून याच गावात येऊन थांबली होती आणि ती बांधायला हजारो हिंदुस्थानी मजूर नेले होते, हे मला नंतर वाचून कळलं. ऑनलाइन स्वयंसेवक हवा अशी त्यांची जाहिरात दिसली: इंग्रजी पत्रं लिहून देणारा, हिशेबाची शीट सांभाळणारा, निधी उभारायला हातभार लावणारा. मी कोल्हापूरचा. तालमीच्या फुटबॉल संघासाठी पावतीपुस्तक घेऊन पेठेत फिरण्यात आमची कॉलेजची वर्षं गेली. आफ्रिकेतून आलेले खेळाडू आमच्या स्थानिक संघांकडून खेळताना शाहू स्टेडियमवर उन्हात बसून बघितलेत. म्हटलं, हे आपलंच काम.

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे मोठी सुट्टी वर्षाच्या शेवटी. त्या सुट्टीत नैरोबीला एक स्पर्धा होती. किसुमूहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, भाड्याची मटाटू, म्हणजे तिकडची वडाप, पोरांचं जेवण आणि बूट. सगळं धरून आपले ८०,००० रुपये लागणार होते. जुने मित्र, ऑफिसातले लोक, फुटबॉलवेडे काका-मामा यांना मेसेज केले आणि कुणी किती देणार ते वहीत लिहून घेतलं. आकडा पुरा व्हायला वेळ लागला नाही. पाचशे देणारे बरेच, दोन-चार हजार देणारे थोडे, आणि एका सराफ मित्राने एकट्याने १५,००० कबूल केले. पैसे अजून कुणाकडून घेतले नव्हते, आणि ते बरंच झालं.

मग मी बँकेत गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुठं पाठवायचेत?"

"केनियाला."

"तुमचं कोण आहे तिकडं?"

"कुणी नाही."

"मग पाठवताय कशाला?"

सांगितलं. पोरांचा संघ, स्पर्धा, बूट. बाईंनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथले साहेब उठून आले, त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. आसपासच्या रांगेतले दोघंतिघंही ऐकत होते. साहेबांनी खुर्ची ओढली आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "नातेवाईक आहे म्हणून लिहा की. कोड एस-१३०१, कुटुंबाचा खर्च. लगेच होऊन जाईल."

थोडं समजावून सांगतो. भारतातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रकमेला एक उद्देश-कोड लागतो. एस-१३०१ म्हणजे परदेशातल्या जवळच्या माणसाचा निर्वाह. एस-१३०२ म्हणजे व्यक्तीला दिलेली भेट किंवा देणगी. आणि एस-१३०३ म्हणजे परदेशातल्या धार्मिक व धर्मादाय संस्थांना दिलेली देणगी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आमची रक्कम त्यापुढे धूळही नव्हती. कायद्याची आडकाठी नाही, रक्कम किरकोळ, कोड छापील यादीत आहे. तरी अडलं.

न्यालेंडातला कुठला पोरगा माझा पुतण्या म्हणून लिहू, असं मी विचारलं. साहेब हसले. मग म्हणाले, प्रशिक्षकाला भेट म्हणून पाठवा, एस-१३०२. तेही मला नको होतं. लोकांचे पैसे एका माणसाच्या खासगी खात्यात घालायचे आणि मग 'भरवसा ठेवा' म्हणायचं, हे आमच्या तालमीतसुद्धा चालत नाही. तिकडे अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा तिघांच्या सह्यांचं गटाचं खातं होतं, अगदी आपल्या बचत गटासारखं. पैसे तिथेच जायला हवे होते.

तर एस-१३०३. "पण फुटबॉल म्हणजे धर्मादाय कसं?" साहेबांचा प्रश्न. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. केनियात असे गट समाजविकास खात्याकडे नोंदवतात, निदान दहा सभासद लागतात. "हे आमच्याकडे चालेल का ते वर विचारावं लागेल." वर म्हणजे कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे देऊळ बांधायचं असतं तर कोड बघून शिक्का बसला असता, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही.

वरून प्रश्न यायचे, एका वेळी एकच. गटाची घटना द्या. दिली. पदाधिकाऱ्यांची यादी द्या. दिली. लाभार्थ्याचा आयबॅन द्या. आता आयबॅन ही खातं ओळखण्याची पद्धत युरोपात आणि इतर काही देशांत आहे, केनियात नाहीच. तिथे खाते क्रमांक, शाखेचा कोड आणि बँकेचा स्विफ्ट कोड एवढंच असतं. पण फॉर्मात रकाना आहे म्हणजे तो भरलाच पाहिजे, अशी आमच्या शाखेची श्रद्धा. मग, ज्या महासंघाशी संघ संलग्न आहे तो मान्यताप्राप्त आहे का? कुणीतरी इंटरनेटवर बघितलं होतं की फिफाने केनियाला निलंबित केलंय. केलं होतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात उठवलंही होतं. साहेबांना म्हटलं, त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतालाही निलंबित केलं होतं. ते त्यांना माहीत नव्हतं. शिपाईकाकांना मात्र माहीत होतं. ते खंडोबा तालमीचे.

एका प्रश्नात तथ्य होतं, ते मान्य करतो. काळा पैसा पांढरा करण्यावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केनियाला करड्या यादीत टाकलं. त्यामुळे तिकडच्या व्यवहारांवर बँका जास्त डोळा ठेवतात. ठेवावा. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? मी सगळे कागद एकदम आणले असते. प्रत्येक खेपेला नवा कागद, आणि मधल्या काळात डॉलरचा भाव हलायचा तो वेगळाच. तिकडे प्रशिक्षक रोज दुपारी व्हॉट्सअॅपवर विचारायचा, मटाटूवाल्याला इसार द्यायचा आहे, कधीपर्यंत? तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे त्याची दुपार ही माझी बँक बंद झाल्याची वेळ.

शेवटी बँकेच्या परकीय चलन विभागातल्या एका तरुण मुलीने फोन केला. सगळ्या प्रकरणात नियम वाचलेली हीच एक व्यक्ती भेटली. ती म्हणाली, "सर, कोड बरोबर आहे. अडचण वेगळी आहे. पैसे कुणाचे?"

"मित्रांचे. मी गोळा करून पाठवणार."

"मग तुम्हाला सही करता येणार नाही. फॉर्मवर लिहिलंय, पैसे माझे स्वतःचे आहेत."

खरंच लिहिलंय. ही योजना माणसाला स्वतःचे पैसे पाठवण्यासाठी आहे, दहा घरची वर्गणी एका खात्यात ओतून बाहेर धाडण्यासाठी नाही. इतके दिवस ज्या माणसांनी मला नातेवाईक व्हायला सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही हा साधा प्रश्न विचारला नव्हता. खोटं लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी पैसे गेले असते. खरं सांगितलं म्हणून एवढा कागद.

त्यानंतर सगळं उलगडलं. मोठी रक्कम देणाऱ्यांनी आपापल्या खात्यातून, आपल्या पॅनवर, आपला ए-टू भरून थेट गटाच्या खात्यात पाठवली. त्यांना मी कागदांचा एक तयार गठ्ठा दिला: नोंदणी, घटना, पदाधिकारी, खात्याबद्दल तिकडच्या बँकेचं पत्र, खर्चाचा अंदाज. सराफ मित्राची बँक वेगळी होती, त्याचं काम चहा संपायच्या आत झालं म्हणे. पाचशेवाल्यांना हा रस्ता परवडत नाही, कारण बँकेचं शुल्क, चलन बदलण्यावरचा जीएसटी आणि मधल्या परदेशी बँकेचा वाटा मिळून पाचशेतलं काही उरतच नाही. त्यांच्यासाठी संघानेच केनियातल्या निधी उभारणीच्या एका संकेतस्थळावर पान उघडलं. तिथे कार्ड चालतं आणि पैसे गटाच्या नावावर जमा होतात. जगभर गाजलेली यातली काही संकेतस्थळं केनियातल्या खात्यात पैसे देतच नाहीत, तेव्हा देशांची यादी आधी तपासा.

कार्डावरून आठवलं. २०२० पासून आपल्याकडे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, मर्यादाही घालता येते. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांचं कार्ड याच कारणाने नाकारलं गेलं आणि प्रत्येकाने मला फोन करून 'हे फसवाफसवीचं तर नाही ना' असं विचारलं. यूपीआयचं म्हणाल तर ते मॉरिशसमध्ये चालतं, केनियात नाही. तिथे सगळं एम-पेसावर, २००७ पासून. भाजीवालीपासून मटाटूवाल्यापर्यंत फोनवरूनच पैसे. लंडनला असलेल्या आमच्या एका वर्गमित्राने तिथल्या अॅपमधून खजिनदाराच्या एम-पेसावर पैसे टाकले आणि पाच मिनिटांत मला 'झालं' असा मेसेज केला. त्या दिवशी त्याच्याशी धड बोललो नाही मी.

बँकेतून पाठवताना फॉर्मवर शुल्क कुणी भरायचं हा रकाना असतो. तिथे 'ओयूआर' निवडा, म्हणजे मधल्या बँकांचा खर्चही तुमच्याकडून घेतला जातो. 'एसएचए' निवडलं तर वाटेत कात्री लागते आणि पाठवलेला आकडा तिकडच्या आकड्याशी जुळत नाही. मग हिशेबाची शीट सांभाळणाऱ्याचे, म्हणजे माझे, हाल. ही देणगी आपल्याकडे ८०जी मध्ये बसत नाही, तेव्हा करसवलतीची आशा कुणाला लावू नका. टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराची, भीती बरेच जण घालतात. एप्रिल २०२५ पासून तो वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो, आपल्याला काय त्याचं.

संघ खरा आहे का, हे मी कसं तपासलं असं सगळे विचारतात. सोपं होतं: सराव चालू असताना आगाऊ न सांगता व्हिडिओ कॉल करायचा, नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचं आणि फुटबॉल महासंघाच्या तिथल्या शाखेला संघ माहीत आहे का ते विचारायचं. 'अमुक मुलाला युरोपात चाचणीला पाठवायचंय, तिकिटाचे पैसे द्या' असं कुणी म्हणालं तर मात्र तिथेच थांबा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची देशाबाहेर बदली फिफाच्या नियमात मोजके अपवाद सोडून बसतच नाही, आणि या नावाखाली पश्चिम आफ्रिकेत कितीतरी घरं लुबाडली गेली आहेत.

मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकू नका, नावं तर नाहीच. मला पोस्टरसाठी फाटक्या बुटांचा फोटो सुचवला गेला होता. मी गोलनंतर उड्या मारणाऱ्या पोरांचा पाठमोरा फोटो घेतला. पैसे काही कमी आले नाहीत. दया मागायची गरजच काय? नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ पासून पोरांच्या फुटबॉलची एक मोठी संघटना चालते, तिथे वस्तीतला कचरा साफ केल्याचेही संघाला लीगमध्ये गुण मिळतात. आमच्या पत्रात मी तोच दाखला दिला होता. आमची पोरंही दर शनिवारी मैदानाकडेची गटार साफ करतात.

आणि इथून बूट, चेंडू कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नका. कुरिअर आणि कस्टम मिळून बुटापेक्षा बुटाची वाट महाग पडते. किसुमूच्या किबुये बाजारात वापरलेले चांगले बूट मिळतात. प्रशिक्षकाने तिथेच घासाघीस करून घेतले, मापं बघून, आणि पावत्यांचे फोटो त्याच संध्याकाळी पाठवले.

पैसे पोचले, मटाटू ठरली, पोरं नैरोबीला जाऊन आली. दुसऱ्या फेरीत हरली. पंच कसा चुकला ते प्रशिक्षकाने मला फोनवर इतका वेळ सांगितलं की क्षणभर आपल्याच पेठेतलं कुणी बोलतंय असं वाटलं.

आता संघाने मुलींचा गटही सुरू केलाय. २०२४ मध्ये केनियाच्या सतरा वर्षांखालच्या मुली विश्वचषकाला गेल्या, केनियाचा कुठलाही फुटबॉल संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता. तेव्हापासून न्यालेंडात मैदानावर येणाऱ्या मुली वाढल्या म्हणे. त्यांच्या बुटांची यादी आली आहे. ज्यांना द्यायचं असेल त्यांनी मला पैसे पाठवू नयेत. कार्डावरचे परदेशी व्यवहार तेवढे चालू करून ठेवावेत, संघाचं नवं पान उघडलं की कळवतो.