शिसं पानावर, उपचार मातीवर

मातीच्या नमुन्याच्या पिशवीवर ‘जुनी फळबाग, आता भाजीपाला’ एवढंच लिहिलेलं होतं. जुनी फळबाग म्हटली की शिशाबरोबर आर्सेनिकही तपासायचं, कारण डीडीटी येण्याआधी फळझाडांवर लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक सर्रास फवारलं जायचं आणि दोन्ही मातीच्या वरच्या थरातच मुक्काम ठोकतात. दोन्ही निघाले. सामू (पीएच) ५.४, म्हणजे माती आम्लधर्मी.

माती आमच्याकडे येण्याआधीच एका सल्लागाराने पालकातल्या शिशाचा आकडा बघून वाफ्यांत भरपूर सुपरफॉस्फेट घालायला लावलं होतं. शिशापुरता सल्ला चुकीचा नाही. फॉस्फेट शिशाला बांधून पायरोमॉर्फाइट हे जवळपास न विरघळणारं खनिज बनवतं. पण फॉस्फेट आणि आर्सेनेट (मातीतल्या आर्सेनिकचं रूप) ही सख्खी भावंडं, लोहाच्या ऑक्साइडवर दोघांची बसायची जागा एकच. फॉस्फेट येऊन बसलं, आर्सेनेट उठून मातीतल्या पाण्यात गेलं आणि तिथून मुळांत. पुढच्या तोड्यात शिसं होतं तेवढंच, आर्सेनिक मात्र वाढलेलं.

शिसं हललं का नाही? त्याच पालकाचे आम्ही दोन भाग केले. एक आला तसाच. दुसरा नळाच्या पाण्याने, मग सौम्य साबणाने, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुतलेला. दोन्हींत शिशासोबत टायटॅनियम मोजलं. मातीत ते मुबलक असतं, पण मुळं ते जवळपास उचलत नाहीत. पानात सापडलं तर समजावं की पानाला माती चिकटलीय. धुतलेल्या भागात टायटॅनियम कोसळलं आणि पाठोपाठ शिसंही. आर्सेनिक जवळपास जागच्या जागी, म्हणजे ते पानाच्या आत होतं. शिसं पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावर चढलं होतं. त्याला पेंढ्याचं जाड आच्छादन पुरलं असतं! नमुना धुतला होता की नाही, हे अहवालात न छापणाऱ्या प्रयोगशाळांचं काय करावं, मला खरंच कळत नाही.

घातलेलं फॉस्फेट काही परत काढता येत नाही. म्हणून आता लोह, आर्सेनेटला बसायला नवी जागा. १५ सेंमी खोलीपर्यंत एका चौरस मीटरमध्ये साधारण २०० किलो माती भरते. वजनाच्या १ टक्का धरलं तर फेरस सल्फेट (हिराकस, लोहाचा क्षार) २ किलो. ते हवेत ऑक्सिडाइझ होताना आम्ल सोडतं, त्यामुळे दर किलोमागे सुमारे ३६० ग्रॅम बारीक दळलेली चुनखडी हवीच, शिवाय मूळचा आम्लपणा मारायला लागेल ती वेगळी. सामू ६.५ च्या आसपास थांबवायचा. त्यापुढे गेलात तर शिसं-कॅडमियम शांत होतात, पण आर्सेनिक पुन्हा सुटायला लागतं. मिसळून तीन-चार आठवडे माती ओलसर ठेवायची, एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली उतरवायचे, मगच पेरणी. वाफ्यात पाणी साचू द्यायचं नाही. हवा कोंडली की लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि धरलेलं आर्सेनिक सोडून देतात.

यानंतर एकूण धातूची चाचणी पुन्हा करून ‘काहीच फरक नाही’ म्हणणारे हमखास भेटतात. फरक पडणारच नाही, धातू तिथेच आहे. मुळांना किती मिळू शकतं ते कळायला ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड या सौम्य क्षारद्रावणाच्या अर्कात किती उतरतं ते बघा. डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाचा अर्क इथे नको, त्याचा सामू ७.३ ला बांधलेला असतो आणि चुन्याने केलेला बदल त्यात पुसला जातो.

या हंगामापुरता पालक बंद, वाफ्यांत वांगी आणि शेंगभाज्या. जमीनमालकांना पालकच हवाय. लोह फॉस्फेटला पुरून उरतं का, हे धुतलेल्या पानातला आर्सेनिकचा आकडा येईपर्यंत मी त्यांना सांगू शकत नाही.