विल्टन्सच्या माळ्यावर

लंडनच्या व्हाइटचॅपलजवळच्या ग्रेसेस ॲलीत विल्टन्स म्युझिक हॉल, म्हणजे दारू पीत गाणी-करमणूक बघायचं जुनं सभागृह, पटकन सापडत नाही. गल्लीत दिसते ती साध्या घरांची ओळ. जॉन विल्टनने या घरांतली दारूची खानावळ चालवायला घेतली आणि १८५९ मध्ये त्यांच्या पाठीमागे मोठं सभागृह उघडलं. त्यामुळे सगळा थाटमाट आत, बाहेर काहीच नाही.

आमचं काम रुक्ष होतं: छताचं लाकूड कुजलंय का, कीड लागलीय का, ते बघायचं. वर चढण्याआधी मी सज्जाखाली रेंगाळले. ओतीव लोखंडाचे पीळदार खांब, तेही इतके सडपातळ की वरचा सज्जा तरंगतोय असं वाटावं. कठड्यावरची नक्षी लाकडात कोरल्यासारखी दिसते, पण ती आहे साच्यातून काढलेली, कागदाच्या लगद्याची.

माळ्यावर टॉर्च मारला तर वासे काळेठिक्कर.

"१८७७ च्या आगीत जळले?" सोबतच्या नव्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्या वर्षी हॉल जळला आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला.

"काळं कुठे कुठे आहे ते बघ," मी म्हटलं. काळेपणा एका जागेभोवतीच होता; चार हात सरकलं की लाकूड मूळ रंगाचं. याच जागेखाली सभागृहाचं झुंबर लटकायचं, गॅसच्या ३०० ज्योती आणि २७,००० लोलकांचं. त्याची धग धुराड्यातून वर जायची आणि जाताना खालची कोंदट हवाही ओढून न्यायची. दिवा आणि पंखा एकाच खर्चात! वाशांनी मात्र रोज रात्री शेक खाल्ला.

मी चाकूचं टोक खुपसलं. वर नखभर कोळसा, खाली टणक लाकूड.

"मग घासून साफ करायचं?"

पोरगं हुशार आहे, पण हात शिवशिवतात त्याचे. माझ्या मते ही वास्तू वाचली ती कुणाकडे ती चकचकीत करायला पैसे नव्हते म्हणून. १८८८ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनने ती घेतली. जिथे दारू वाहिली तिथे प्रार्थना सुरू झाल्या आणि १८८९ च्या गोदी संपात रोज दोन हजार जेवणं वाढली गेली. मिशन १९५६ पर्यंत टिकलं. मग चिंध्यांचं गोदाम, मग पाडापाडीचा घाट. कवी जॉन बेट्जेमन वगैरे मंडळी आडवी आली आणि १९७१ मध्ये संरक्षित यादीत नाव लागलं. २०१५ मध्ये संपलेल्या दुरुस्तीतही गिलाव्याचे पोपडे मुद्दाम तसेच ठेवलेत.

अहवालात लिहिलं: लाकूड सुस्थितीत, काजळी काढू नये. मुलाने खाली स्वतःहून एक ओळ जोडली: 'ब्रशसुद्धा नको.' मी ती राहू दिली.