वाऱ्याच्या मर्जीने हॅटरस

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागून असलेल्या हॅटरस बेटावर पाण्यातले खेळ खेळायला जायचं ठरलं की पहिली कटकट घराची. उन्हाळ्यात तिथली घरं आठवड्याच्या बोलीवर मिळतात, शनिवार ते शनिवार नाहीतर रविवार ते रविवार. त्यात पाण्याजवळचं, सगळ्यांना पुरेल असं घर हवं असेल तर ते जानेवारीतच धरून ठेवावं लागतं. वारा मात्र तीन दिवस आधी कळतो, तोही धड नाही. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या दिराने तो एक्सेलमध्ये घातला होता. सोमवारी सकाळी पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी), दुपारी समुद्रात बूगी बोर्ड (लाटांवर पालथं पडून घसरायची छोटी फळी), मंगळवारी कयाक, नवऱ्याचा काइटबोर्डिंगचा, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावरून जायचा क्लास, प्रत्येकाला वेगळा रंग. पैसे आगाऊ भरलेले, कारण आगाऊ भरले की थोडी सूट मिळते. सासूबाई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे होत्या. त्यांच्या रकान्यात सगळ्या दिवसांपुढे ‘खुर्ची, छत्री’ एवढंच लिहिलेलं. त्यांनीच सांगितलं होतं तसं. “मला काही पोहता येत नाही बाबा. मी आपली वाळूत बसेन, तुम्ही खेळा.”

आम्ही त्याच राज्यात, आतल्या बाजूला कॅरीला राहतो. तिथून बेटावरच्या एव्हन गावापर्यंत साडेचार तासांचा रस्ता, तोही पुढे पाट्यांवर लाल लांडगे दिसायला लागेपर्यंत कंटाळवाणाच. (पाट्यांवरच. खरा लांडगा काही दिसला नाही.) किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक बघायला थांबलो. 1903च्या डिसेंबरातलं ते पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं आणि 120 फुटांचं. तेवढं अंतर पुतण्याने पळून दाखवलं. तिथे वाचलेली एक गोष्ट मात्र मला पुढे सारखी आठवत राहिली. विल्बर राइटने इथे पाऊल टाकायच्या आधी, 1900 साली, शेजारच्या किटी हॉक गावातल्या हवामान केंद्राला पत्र लिहून वाऱ्याची चौकशी केली होती. आधी वारा, मग मुक्काम. त्याला जानेवारीत घर बुक करायचं नव्हतं, हेही खरं.

नॅग्ज हेडच्या दक्षिणेला ऑरेगन इनलेट नावाच्या खाडीवरचा पूल ओलांडला की हॅटरस बेट सुरू होतं. तिथून हायवे 12 नावाचा एकच रस्ता, जाणारी एक लेन, येणारी एक. डावीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे अटलांटिक, उजवीकडे पॅम्लिको साउंड, म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधलं उथळ पाणी. मधली जमीन काही ठिकाणी इतकी अरुंद की इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी. ही बेटं म्हणजे मुळात समुद्राने रचलेले वाळूचे बांध. वादळात लाटा त्यांच्यावरून पलीकडे जातात, वाळू साउंडच्या बाजूला नेऊन टाकतात, आणि अख्खं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहतं. ऑरेगन इनलेटसुद्धा 1846च्या एका वादळाने फोडून तयार झालेलं. बेटावरच्या रोडांथी गावाजवळ रस्ता इतक्यांदा वाहून गेला की शेवटी 2022 साली तो जमिनीवरून उचलून साउंडच्या पाण्यावर वळसा घालणाऱ्या पुलावर नेला. त्याच रोडांथीत गेल्या काही वर्षांत समुद्राच्या काठावरची घरं एकामागून एक लाटांमध्ये कोसळली आहेत. पडलेल्या घरांचे खिळे, फळ्या मैलोन्‌मैल किनाऱ्यावर पसरतात, तेव्हा तिथल्या वाळूत अनवाणी चालण्याचा रोमान्स करू नका.

पहिल्या सकाळी समुद्राने आमचं स्वागतच केलं नाही. वारा पूर्वेचा, चांगला सणसणीत. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या पानावर रिप करंटचा, म्हणजे माणसाला समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहाचा धोका ‘हाय’, आणि लाटा वेड्यावाकड्या फुटत होत्या. सत्तर मैलांच्या ह्या राष्ट्रीय किनाऱ्यावर जीवरक्षक अगदी मोजक्या जागी असतात. रिप करंटमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं, हे सगळं पाठ असलं तरी दहा वर्षांच्या पोराला घेऊन त्याची परीक्षा कोण देणार? बूगी बोर्ड रद्द. दीर म्हणाला, काही हरकत नाही, आपला पॅडलबोर्ड साउंडमध्ये आहे.

आणि साउंड म्हणजे काय दिसत होता म्हणून सांगू! काठाशी एक लाट नाही. बेटाचा आडोसा मिळाल्यामुळे पाणी आरशासारखं सपाट, तळाची वाळू दिसतेय, एक बगळा पायाच्या घोट्यापर्यंत पाण्यात उभा. आम्ही टोप्या, सनस्क्रीन, पाण्यातले बूट असा सगळा जामानिमा करून बोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानात पोचलो. तिथला साठीचा, उन्हाने रापलेला गृहस्थ आमच्याकडे न बघता आधी झाडाकडे बघत होता.

“आज बोर्ड देणार नाही,” तो म्हणाला.

दिराने फोनवरची पावती दाखवली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही. दिराने पाण्याकडे बोट दाखवलं, की एवढं शांत पाणी आहे. मीही जरा तावातावानेच बोलले, कारण दोन मुलं बूट घालून तयार होती आणि समोर दुसऱ्या कुणाचं तरी कुटुंब स्वतःचे फुगवायचे बोर्ड घेऊन खुशाल उतरत होतं. तो काहीच बोलला नाही. काठावर साउंडचं वाळलेलं गवत साचलेलं असतं, त्यातलं मूठभर त्याने उचललं आणि पाण्यात टाकलं. आम्ही बघत राहिलो. पहिले काही क्षण ते तिथेच होतं. मग आडोशातून बाहेर पडलं मात्र, आणि सुटलं. वेग असा काही फार नव्हता, पण ते थांबतच नव्हतं. पुतण्या मोठ्याने आकडे मोजत होता. तीसच्या आसपास ते गवत आम्हाला दिसेनासं झालं.

“उभा माणूस म्हणजे शीड,” तो म्हणाला. “जाताना तुम्हाला वाटेल, वा, किती छान जमतंय. परत फिराल तेव्हा कळेल. पलीकडचा किनारा वीस मैलांहून लांब आहे.”

म्हणजे हिशेब असा. बेट उत्तर-दक्षिण पडलेलं, पूर्वेला समुद्र, पश्चिमेला साउंड. वारा पूर्वेचा असला की समुद्र खवळलेला दिसतो, साउंडचा काठ गोड दिसतो, आणि तोच काठ तुम्हाला हळूच आत ढकलत नेतो. वारा नैर्ऋत्येचा असला, जो उन्हाळ्यात बहुतेक वेळा असतो, की बरोबर उलटं. साउंडमध्ये खळबळ, पण ती तुम्हाला काठाकडे आणून टाकणारी. आणि समुद्र दिसायला निवांत, पण मुलांच्या हवेच्या गाद्या आणि फुगवायचे फ्लेमिंगो थेट आफ्रिकेच्या दिशेने. जे पाणी शांत दिसतं त्याच्यावर संशय घ्यायचा, हा इथला नियम. तो एकाही माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेला मला दिसला नाही. सूर्यास्ताचे फोटो मात्र प्रत्येकात होते.

त्याचा राग यायचा तो आलाच. पैसे परत मिळणार नव्हते, फक्त दुसरा दिवस मिळणार होता, आणि कुठला ते तो सांगायला तयार नव्हता. “बुधवारी या. किंवा गुरुवारी. वारा सांगेल.” दिराची रंगीत एक्सेल त्या वाक्यानंतर पुन्हा उघडली गेली नाही.

मधले दिवस केप हॅटरसचं दीपगृह, शेजारच्या ओक्राकोक बेटाची फेरीबोट आणि पत्ते यांत गेले. दीपगृह दुरुस्तीमुळे चढायला बंद होतं. 1870 सालची ती एवढी मोठी विटांची इमारत 1999 मध्ये जशीच्या तशी 2,900 फूट आत सरकवली, हे वाचून आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्याकडे दोनदा वर-खाली बघितलं आणि “नुसता शिफ्टिंगचा खर्च केवढा आला असेल,” असं म्हणाल्या.

मग वारा फिरला. सकाळी उठलो तेव्हा हवा दमट, आणि आदल्या दिवशी साउंडच्या काठाशी उघडी पडलेली चिखलाची पट्टी पाण्याखाली गेलेली. साउंडला चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नसते, तिथलं पाणी वाराच इकडून तिकडे नेतो. साउंडभर छोट्या टोकदार लाटा. मला वाटलं आज तर हा गृहस्थ दुकानच उघडणार नाही. त्याने हसतहसत बोर्ड काढून दिले.

लाइफ जॅकेटवरून थोडं महाभारत झालं. तेराच्या आतल्या मुलांनी होडीवर ते अंगात घालणं नॉर्थ कॅरोलिनात सक्तीचं आहे, आणि पोहण्याच्या जागेबाहेर गेलात की पॅडलबोर्डही होडीतच धरतात. पुतण्याला ते टोचत होतं. शेवटी त्याची आजी म्हणाली, “मी घालते, मग तू घाल.” त्यांनी खरंच घातलं. पंजाबी ड्रेसवर केशरी जॅकेट, पायात माझ्या जावेचे गुलाबी पाण्यातले बूट, आणि ओढणी का कोण जाणे तशीच गळ्यात.

बोर्डवर उभं राहायचा विचार दिराने लवकरच सोडला. गुडघ्यांवर बसून दोन वल्ही मारायचा, चार वल्ह्यांएवढा मागे यायचा. नवऱ्याचा अर्धा क्लास छोटा पतंग वाळूवर उडवण्यात गेला, उरलेला अर्धा पतंगामागे पाण्यातून पालथा फरफटत जाण्यात. तो खूश होता. मी मुलांकडे बघत होते, त्यामुळे आई केव्हा आत गेल्या ते मला कळलंच नाही.

बघितलं तेव्हा त्या बऱ्याच पुढे होत्या. एकट्या, संथपणे, रस्त्याने चालावं तशा चालत होत्या, आणि पाणी मांडीपर्यंतच होतं. मी मागोमाग गेले. पॅम्लिको साउंड प्रचंड मोठा, पण खोली सरासरी पाच-सहा फूट. काठाजवळ तर एवढं चालूनही कंबर भिजत नाही. (खड्डे आहेत, पुढे दक्षिणेला कॅनेडियन होलजवळ आहेतच, म्हणून पाय सरकवत चालायचं. शिंपल्यांच्या कडा धारदार असतात म्हणून बूट.) मी त्यांना गाठलं तेव्हा मागची खांबांवरची घरं काड्यापेट्यांएवढी झाली होती. दोन्ही बाजूंनी काइटवाले सपासप जात होते. एकाने मान लववून आईंना नमस्कार केल्यासारखं केलं, त्यांनीही हात जोडले.

“अगं, हे अजून किती लांब असं आहे?”

“माहीत नाही, आई. परत फिरूया का?”

“थांब जरा.”

त्या कराडच्या. कृष्णेच्या घाटावर धुणं धुण्यात लहानपण गेलं, पोहायला भाऊ शिकले. मुलींनी नदीत उतरायचं ते काठाला, गुडघ्यापर्यंत, तेही कपडे पिळायला. हे त्यांनी पूर्वी कधीतरी सहज सांगितलेलं मला माहीत होतं, आणि आता त्या कुठल्याही काठापासून इतक्या लांब कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. एक लाट आली की पाण्यातच छोटीशी उडी मारायच्या. मग पुढची आली की पुन्हा. मी फोन काढला, वॉटरप्रूफ पिशवीत होता.

“फोटो नको काढू. ओढणी बघ कशी झालीय.”

“कुणाला पाठवणार नाही.”

“तू नाही पाठवणार. तुझा नवरा पाठवेल, सगळ्या ग्रुपवर.”

नाही काढला. जॅकेटचा पट्टा सैल करून त्या मागे रेलल्या, जॅकेटने उचललं तसे पाय वर आले, आणि “अगो बाई!” असं ओरडून त्यांनी माझा दंड धरला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही, पण पायही खाली टेकले नाहीत. वारा आम्हा दोघींना अगदी सावकाश घरांकडे ढकलत होता. तेवढ्यात एक जेलीफिश दिसला आणि आम्ही दोघी ओरडत, धपाधपा पाणी उडवत जवळजवळ पळतच निघालो. काठावर दीर बोर्डावर पालथा पडून विश्रांती घेत होता. आमच्याएवढं अंतर त्याने त्या दिवशी कापलं नव्हतं, आणि आईंनी ते त्याला रात्री जेवताना सांगितलंच.

त्यानंतर त्या रोज गेल्या. खुर्ची आणि छत्रीचं वेगळं भाडं आम्ही आठवड्याचं भरलं होतं, ती दोन्ही समुद्राच्या बाजूला मोकळी पडून राहिली.

परतीच्या शनिवारी दहाला घर सोडायचं होतं आणि अख्ख्या बेटाला दहालाच सोडायचं होतं. हायवे 12वर सामान बांधलेल्या गाड्यांची ही रांग, टपांवर कयाक, मागे सायकली, समोरून नव्या आठवड्याचे लोक त्याच उत्साहाने येतायत. दोन तास आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. मधेच घर देणाऱ्या कंपनीचा मेल आला, की दोन टॉवेल कमी भरले, तुमच्या अनामत रकमेतून कापत आहोत. चादरी-टॉवेलांचं भाडं तिथे वेगळं लावतात, त्यावरून मी आधीच वैतागलेले. टॉवेल आम्ही घेतलेले नाहीत. असलेच तर साउंडच्या काठावरच्या कुंपणावर वाळत असतील, आणि वारा त्या दिवशी पूर्वेचा होता.