पाणी कुठे जाणार, असं विचारणारा मिस्त्री

दापोलीच्या घराला पूर्वेकडून पडवी वाढवायची, हे आईमुळे ठरलं. तिचं वय ८१. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जोत्याच्या तीन पायऱ्या उतरून अंगणात जाणं तिला जमत नाही, आणि कोवळ्या उन्हात बसल्याशिवाय तिची सकाळ सुरू होत नाही. म्हणून ओटीच्या पातळीलाच एक जागा हवी होती. वर छप्पर, दक्षिणेला काचेची सरकती तावदानं, आणि तिची चाकाची खुर्ची दारातून सरळ बाहेर येईल अशी.

मी डोंबिवलीत राहते. पहिला ठेकेदार फोनवरच ठरवला, इथेच चुकलं. त्याचा भाव साहित्यासकट ३१० रुपये चौरस फूट होता, बाकी दोघांपेक्षा बराच कमी. ६० हजार उचल दिली. डिसेंबरात सुरू करतो म्हणाला होता, फेब्रुवारी संपताना अंगणात सांगाड्याचे लोखंडी पाइप येऊन पडले. शिमग्याला गेले तेव्हा ते पहिल्यांदा पाहिले. दोन बाय दोन इंचांचे, वरून रेड ऑक्साइड मारलेले, दिसायला व्यवस्थित. शेजारच्या काकांनी एक पाइप एका टोकाने उचलला आणि म्हणाले, "हलका लागतोय गं." त्यांच्याकडे सुपारी तोलायचा काटा आहे, त्यावर ठेवला. दोन एमएम जाडीचा २० फुटी पाइप साधारण १८ किलो भरतो. आमचा भरला ११. म्हणजे जाडी एक-सव्वा एमएमची.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "पडवीला एवढं चालतं." नाही चालत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं, त्या दुपारी आमच्या वाडीतल्या एका गोठ्याचे पत्रे दोन आगरं ओलांडून एका माडाच्या बुंध्याला गुंडाळल्यासारखे सापडले होते. त्या छपराखाली कोणी नव्हतं. आमच्या छपराखाली आई बसणार होती. पाइप परत न्यायला लावले. २५ हजार कसेबसे हाती आले, बाकीचे गेले.

दुसरे मिस्त्री शेजारच्या गावचे. या वेळी मी रजा टाकून स्वतः हजर राहिले. आधीच्या तिघांनीही आल्या आल्या टेप काढली होती. हे अंगणात उभे राहून छपराकडे बघत राहिले आणि विचारलं, "ताई, पागोळ्या आत्ता कुठे पडतात? आणि पडवी झाली की हे पाणी जाणार कुठे?" मग शिडी लावली, वळचणीची दोन कौलं काढली आणि खालच्या वाशात पेचकस टोचून पाहिला. दोन ठिकाणी तो सहज आत गेला.

खाली उतरून म्हणाले, "दहा फूट नको. आठ करा."

मला आधी पटेना. पडवीच्या दहा फूट रुंदीत आईची खुर्ची, एक बाकडं, तुळशीची कुंडी, सगळं मावणार होतं. त्यांनी खडूने भिंतीवरच आकडे मांडले. जुन्या कौलांची कड ओटीच्या फरशीपासून आठ फूट उंचीवर. नवा पत्रा तिच्याखाली फूटभर सरकवायचा, म्हणजे सुरुवात भिंतीशी पावणेआठ-आठ फुटांवर. कोकणच्या पावसाला फुटामागे दोन इंच तरी उतार हवा. दहा फुटांत वीस इंच गेले की पुढे सहा फूट दोन इंच उरतात. माझ्या भावाचं डोकं लागेल. आठ फूट केलं तर साडेसहा मिळतात. पहिल्या ठेकेदाराने दहा फुटांत जेमतेम चार इंचांचा उतार धरला होता, "छान उंच दिसेल" म्हणून. एवढ्या सपाट पत्र्यावर झडीचं पाणी उलटं सरकतं आणि जोडावरून थेट घरात येतं. स्वतःचं काम आणि पैसे कमी करून सांगणारा माणूस मला त्या दिवशी भेटला, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

त्यांचा भाव ४४० होता. मात्र ते छपराचं माप धरतात, खालच्या फरशीचं नाही. पुढची दीड फुटाची झाप, म्हणजे खांबांच्या बाहेर आलेलं छप्पर, आणि आत सरकवलेला फूट धरून २३१ चौरस फूट, म्हणजे लाखाच्या थोडं वर. कोणाचाही भाव ऐकलात तर माप कुठलं, हे त्याच दमात विचारा, नाहीतर दोन भावांची तुलनाच होत नाही. फरशी, भराव आणि बसायचा चिऱ्याचा कठडा गवंड्याकडे वेगळा दिला. ग्रामपंचायतीतला अर्ज आधीच झाला होता.

वहीच्या पानावर सगळं लिहिलं: पाइपची जाडी, पत्रा ०.५ एमएम, पैशांचे टप्पे, आणि शेवटचे १० हजार पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. ही शेवटची अट मी भीतभीत काढली. ते म्हणाले, "बरोबर आहे, पावसाशिवाय कळणार कसं?" दोघांनी सह्या केल्या. साहित्य माझ्या नावाच्या बिलावर आलं आणि प्रत्येक पाइप काकांच्या काट्यावर गेला.

कामात त्यांनी मला तीन गोष्टी दाखवल्या. जुनी भिंत चिऱ्याची, सांधे मातीचे, म्हणून छपराचा भार तिच्यावर टाकला नाही. भिंतीला लागूनही वेगळे खांब उभे केले. वेल्डिंगने रंग जळतो तिथे समुद्राच्या हवेने गंज सर्वांत आधी धरतो, म्हणून प्रत्येक सांधा घासून पुन्हा प्रायमर मारला. आणि उजेडासाठी मधे दोन पट्ट्या पॉलीकार्बोनेटच्या (प्लॅस्टिकच्या शीटच्या) घातल्या, तेव्हा छापील कागदाची बाजू वर आहे ना हे मला बघायला लावलं. उन्हापासून वाचवणारा थर त्याच बाजूला असतो, उलटी लागली तर शीट लवकर पिवळी पडते. तिची भोकंही स्क्रूपेक्षा मोठी पाडली, कारण उन्हात ती फुगते. सगळे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून. खाचेत एकही नाही.

एका बाबतीत आमचं जमलं नाही. मला तिन्ही बाजूंना काच हवी होती. ते म्हणाले, एप्रिल-मेमध्ये भट्टी होईल, दक्षिणेलाच काच ठेवा, पुढे जाळी. मी जाळी लावली, पण डिसेंबरच्या पहाटे आईला तिथे थंडी वाजते, आणि चिकाचा पडदा अजून लावायचा राहिलाय.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री रेनकोट घालून न बोलावता आले. जोडाच्या खाली भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, मग आईला विचारलं, "आजी, रात्री कुठे टपटप ऐकू आलं?" आई म्हणाली, "मला तर झोपच चांगली लागली." त्यांनी चहा घेतला, १० हजार मोजून खिशात ठेवले, आणि जाताना शिडी लावून पन्हळीत अडकलेली फणसाची पानं काढून गेले.