बसण्याचे पैसे

कॅफेतल्या नाश्त्याचं बिल पाहिलं की ‘एवढ्यात आठवड्याची भाजी आली असती’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मीही म्हणते. पण उडप्याच्या हॉटेलात इडलीचा शेवटचा घास तोंडात असतानाच टेबलावरून ओलं फडकं फिरायला लागतं, मागे कुणीतरी आपल्या खुर्चीवर हात ठेवून उभं असतं, आणि आपण उरलेली चटणी टाकून उठतो. कॅफेत फडकं येत नाही. ते न येण्याचेच पैसे, कॉफी वरकड.

गेल्या महिन्यात कराडहून मावशी आली होती. शनिवारी सकाळी तिला घेऊन डोंबिवलीहून फास्ट लोकलनं सीएसएमटी, तिथून फोर्टमधून रमतगमत काळा घोडा. गल्लीतल्या कॅफेत उंच छत, खडूनं लिहिलेला मेनू आणि मुद्दाम गिलावा न केलेली विटांची भिंत. मावशीनं भिंतीकडे नीट पाहिलं. “पैसे संपले वाटतं मध्येच.”

टोस्ट सॉरडोचा होता. त्यात बाजारचं यीस्ट नसतं. पीठ आणि पाणी आंबवून ते रोज थोडं पीठ घालून जिवंत ठेवायचं, आणि त्यावर पाव फुगवायचा. एवढं सगळं सांगून मी थांबले, तर मावशी म्हणाली, “म्हणजे विरजणच की गं.” पावाची कड मात्र जाम चिवट. सुरी चालेना. मावशीनं इकडेतिकडे न बघता ती सरळ माझ्या फ्लॅट व्हाइटमध्ये बुडवली. कॉफीवर दुधाच्या फेसाचं सुरेख पान काढलेलं होतं, मी अजून फोटोही काढला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉपवाला मुलगा गालात हसला. तो आमच्या आधीपासून एका कपावर बसला होता, आणि आम्ही निघालो तरी बसलेलाच. त्याचे पैसे पुरेपूर वसूल.

बाहेर आल्यावर मावशीला घोडा बघायचा होता. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला मूळ पुतळा 1965 मध्येच इथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. पुढची पन्नासेक वर्षं इथे घोडा नव्हता, नुसतं नाव होतं, आणि कुणाचं काही अडलं नाही. 2017 मध्ये नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. घोडा मोकळाच बरा दिसतो, असं मावशीचं मत पडलं. माझंही तेच.

जहांगीर आर्ट गॅलरीत (1952 पासून) चित्रं बघायला तिकीट लागत नाही. तिथल्या लांबट व्हरांड्यात 1964 पासून समोवार नावाचं कॅफे होतं. चहाचा एक कप पुढ्यात ठेवून तासन् तास बोलत बसायची ती जागा, तेही खिशाला परवडेल अशी. 2015 मध्ये ते बंद झालं. त्यानंतर या भागात कॅफे उदंड झाली, पण तिथे बसताना डोक्यात मीटर चालू असतो, हे कबूल करायला हवं. डेव्हिड ससून वाचनालयाच्या सज्जातल्या आरामखुर्च्यांचा मला कायम हेवा वाटतो. पुस्तक छातीवर पालथं ठेवून तिथे डुलकी काढणं ही या शहरातली खरी श्रीमंती. म्युझियम आम्ही गाळलं. म्युझियममध्ये चालावं लागतं.

मग ओव्हल मैदान. फुकट, आणि बसायला हिरवळ. पूर्वेला विद्यापीठ, हायकोर्ट आणि 1878 सालचा, 280 फूट उंच राजाबाई टॉवर. पश्चिमेला गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही बाजूंना मिळून युनेस्कोनं 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. मावशीनं त्यातलं काही ऐकलं नाही. मैदानात एकाच वेळी इतके सामने चालतात, की एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो आणि चेंडू नक्की कोणाचा यावर वाद होतात. मावशीनं त्यातला एक सामना धरला. पांढऱ्या टोपीतला पोरगा चांगला टाकतोय, पण कॅप्टन त्याला पुढची ओव्हर देत नाही, यावर ती खरोखर चिडली.

साडेपाचनंतर डोंबिवलीची लोकल म्हणजे दारातही पाय ठेवायला जागा नसते. मी दोनदा घड्याळ दाखवलं.

“थांब गं,” मावशी म्हणाली, “आता दिलीय त्याला ओव्हर.”